भिवंडीच्या गोडाऊनमध्ये पहिला महिना: गन हातात येते तेव्हा

मुरबाड, शहापूर, वाड्याकडची पोरं दर सोमवारी आमच्या गेटवर उभी असतात. हातात आधार कार्डाची झेरॉक्स, पायात बहुतेकदा चप्पल. त्यांना पहिल्या दिवशी जे तोंडी सांगतो तेच इथे लिहून काढतोय. माझा घसा तरी वाचेल. पेपरात याला गोदाम म्हणतात, भिवंडीत गोडाऊन, ऑफिसच्या मेलमध्ये वेअरहाऊस. पगार तिन्हींत तोच.

चपलेचं आधी मिटवू. पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज मिळेपर्यंत रॅकच्या भागात पाऊल टाकायचं नाही. कंत्राटदार 'उद्या देतो' म्हणाला तर उद्या या.

आधी जागा समजून घ्या

या तालुक्यात एवढी गोडाऊनं का, हे ठाऊक असलं की बाकीचं लवकर कळतं. पूर्वी मुंबईत माल शिरला की महापालिकेची जकात लागायची. मुलुंड, दहिसरच्या नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागत. म्हणून व्यापारी माल नाक्याच्या अलीकडेच उतरवायचे आणि लागेल तेवढाच आत न्यायचे. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली, वळ इथल्या भातशेतीत पत्र्याचे गाळे उभे राहिले ते यातून. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. आता गाळे ओस पडणार, असं बरेच जण म्हणत होते. झालं उलटंच. राज्याबाहेरच्या विक्रीवरचा केंद्रीय विक्रीकर वाचवायला कंपन्या प्रत्येक राज्यात छोटा डेपो ठेवायच्या. त्याची गरज संपली आणि मोजक्या ठिकाणी मोठं गोडाऊन ठेवणं परवडू लागलं. न्हावा शेवा बंदर एका बाजूला, नाशिक हायवे दुसऱ्या बाजूला, आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग थेट आपल्या आमण्यापर्यंत. त्यामुळे आता मोठाल्या शेड पडघा, वडपे, आमणे या पट्ट्यात उभ्या राहतायत.

जुन्या गाळ्यात माल थप्प्या लावून ठेवायचे. छत बुटकं, उजेड कमी, आणि कोणती थप्पी कशाची ते एकाच माणसाला माहीत. मी ज्या गाळ्यात सुरुवात केली तिथे असे एक काका होते. पाचशे प्रकारचा माल त्यांच्या डोक्यात. काका गणपतीला गावाला गेले की गाळा आंधळा व्हायचा; आम्ही टॉर्च घेऊन खोकी हुडकत फिरायचो. नव्या गोडाऊनमध्ये रॅक दहा मीटरपर्यंत चढलेत, माल हजारो प्रकारचा आहे आणि काकांच्या डोक्याचं काम एका सॉफ्टवेअरकडे गेलंय. त्याला डब्ल्यूएमएस (वेअरहाऊस मॅनेजमेंट सिस्टीम) म्हणतात, आपण नुसतं 'सिस्टीम' म्हणतो. काका मात्र खोकं डोळ्यांनी बघायचे. सिस्टीमला डोळे नाहीत. तुम्ही गनने, म्हणजे बारकोड वाचायच्या हातातल्या यंत्राने, जे सांगाल तेवढंच तिला कळतं. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

पहिली पायरी: गाडी लागली

गाडी डॉकला, म्हणजे माल चढवा-उतरवायच्या ओट्याला, लागायच्या आधीच तिच्यात काय आहे त्याची यादी बहुधा सिस्टीममध्ये आलेली असते. ड्रायव्हरकडून चलान, बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची पावती) आणि ई-वे बिल (माल रस्त्याने न्यायला लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) घ्यायचं. गाडीचा नंबर ई-वे बिलावरच्या नंबराशी जुळतो का बघायचा. वाटेत गाडी बदललेली असेल तर नवा नंबर तिथे चढवलेला हवा. मग सील. सीलचा नंबर कागदाशी ताडून बघा, फोटो काढा, आणि त्यानंतरच तोडा. आधी तोडून मग फोटो काढणारे महाभाग दर महिन्याला एक तरी निघतात.

डॉक आणि गाडीचा फाळका यांच्यातली उंची भरून काढायला डॉक लेव्हलर असतो, खालीवर होणारी लोखंडी पट्टी. ती फाळक्यावर नीट टेकल्याशिवाय आणि चाकाला अडवणीचा ठोकळा लावल्याशिवाय कुणी गाडीत चढायचं नाही. माल खाली करणारे बहुतेक ठिकाणी माथाडी कामगार असतात. महाराष्ट्रात १९६९ पासून त्यांचा स्वतंत्र कायदा आहे, बोर्ड आहे, वाराईचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचे, दर ठरलेले आहेत. त्यांच्या कामात लुडबुड करू नका. आणि त्यांच्याशी अदबीनं बोला. खोक्याच्या आवाजावरून आतली काच फुटलीय हे ओळखणारी माणसं आहेत ती. हे अजून कोणत्याही गनला जमलेलं नाही.

दुसरी पायरी: इनवर्ड, म्हणजे सिस्टीमला पहिल्यांदा सांगणं

आता तुमच्या हातात गन येते. दिसायला जाडजूड मोबाइल, खाली पिस्तुलासारखी मूठ. तुमच्या नावाचा लॉगिन मिळेल. तो कुणालाही द्यायचा नाही, जिवलग मित्र असला तरी. प्रत्येक स्कॅन कुणी, किती वाजता, कुठे केला हे सिस्टीमच्या पोटात राहतं. माल कमी पडला की पहिलं तेच उघडून बघतात.

बारकोड म्हणजे आकड्यांची वेगळी लिपी, जादू वगैरे काही नाही. दुकानातल्या वस्तूवर असतो तो तेरा आकड्यांचा. पहिल्या बारा आकड्यांना आलटूनपालटून १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची, आणि पुढच्या पूर्ण दहापर्यंत पोचायला जेवढे कमी पडतात तो तेरावा आकडा. ८९०१२३४५६७८९ ची अशी बेरीज १३० येते, म्हणून शेवटी ०. रेघ पुसट होऊन आकडा चुकीचा वाचला गेला तर हे गणित जुळत नाही आणि गन तो घेतच नाही. सुरुवातीचे ८९० म्हणजे कंपनीने हा नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतलाय. वस्तू भारतात बनली असा त्याचा अर्थ नव्हे, हे कँटीनमधल्या वादात उपयोगी पडेल.

या बारकोडची एक मर्यादा पहिल्याच आठवड्यात तुमच्या लक्षात येईल. तो 'कोणती वस्तू' ते सांगतो. 'कोणती बॅच, कोणती एमआरपी' ते सांगत नाही. एकाच शांपूच्या दोन बाटल्या, बारकोड एकच, पण एकीवर जुना भाव आणि दुसरीवर नवा. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा अशा जोड्यांनी गोडाऊनवाल्यांची झोप उडवली होती. म्हणून गन स्कॅननंतर एमआरपी, बॅच, एक्स्पायरी विचारते. ती विचारते म्हणून काहीतरी टाकायचं नाही. खोकं फिरवा, वाचा, मग टाका. खाण्याच्या आणि औषधांच्या मालात पुढे सगळी निवड एक्स्पायरीवरच चालते: आधी संपणारा माल आधी बाहेर, मग तो आत कधीही आलेला असो.

आणि आता माझी फजिती. लागून दोनच आठवडे झाले होते. चोवीस मिक्सर आले. मी एकाचं खोकं स्कॅन केलं, संख्येच्या जागी २४ टाकलं आणि चहाला गेलो. त्या चोवीसमध्ये सहा लाल रंगाचे होते, बाकीचे पांढरे. लाल आणि पांढऱ्याचे बारकोड वेगळे, पण मी स्कॅन केलेला पांढरा, त्यामुळे सिस्टीमच्या लेखी आणि लेबलांवरही चोवीसही पांढरे. पुढचे आठ दिवस पांढरा मागवणाऱ्यांच्या घरी अधूनमधून लाल जात राहिला आणि लाल 'स्टॉक संपला' दाखवत राहिला. मूळ सापडलं तेव्हा स्क्रीनवर माझं नाव आणि बरोबर चहाची वेळ होती. सुपरवायझर ओरडले नाहीत. परत आलेले मिक्सर मलाच उघडायला लावले, एकेक करून. तेव्हापासून सांगतो: जेवढी खोकी तेवढे स्कॅन. एकाच मालाचं, कंपनीचं सील असलेलं पूर्ण पॅलेट (खोकी रचायची फळी, मालासकट) असेल आणि सुपरवायझरने मुभा दिली असेल, तरच आकडा टाइप करा.

मोजून झालं की सिस्टीम जीआरएन काढते, म्हणजे माल मिळाल्याची पावती. कमी आला तर 'शॉर्ट', जास्त आला तर 'एक्सेस', फुटका आला तर 'डॅमेज', आणि तिन्हींची नोंद गाडी उभी असतानाच. गाडी गेली की वाद तुमच्या पदरात.

तिसरी पायरी: पत्ता शिका

गोडाऊनमधल्या प्रत्येक खणाला पत्ता असतो. आमच्याकडे तो असा: बी-०७-१२-डी. बी म्हणजे विभाग, ०७ म्हणजे सातवी गल्ली, १२ म्हणजे गल्लीतला बारावा खांब, डी म्हणजे खालून चौथा मजला. सम आकडे एका हाताला, विषम दुसऱ्या हाताला, रस्त्यावरच्या घरांसारखे. पहिले दोन दिवस मी नव्या पोरांना काहीही उचलू देत नाही. नुसतं फिरायचं आणि मी पत्ता ओरडला की तिथे जाऊन उभं राहायचं. पोरांना हा खेळ वाटतो. तिसऱ्या दिवशी त्यांचे पाय आपोआप वळू लागतात.

माल जागेवर लावण्याला पुटअवे म्हणतात. गन जागा सुचवते. जोरात खपणारा माल पॅकिंगच्या जवळ आणि कमरेच्या उंचीवर, रखडणारा लांब आणि वर, जड माल खाली. तुम्ही तिथे जायचं, माल ठेवायचा, आधी खोक्याचं लेबल आणि मग खणाचं लेबल स्कॅन करायचं. सुचवलेला खण भरलेला निघाला तर? शेजारच्या रिकाम्या खणात ठेवायचा मोह होतो. ठेवा, हरकत नाही, पण ठेवला त्या खणाचा पत्ता स्कॅन करा, सुचवलेल्याचा नाही. नाहीतर उद्या कुणीतरी सातव्या गल्लीत उभं राहून 'सिस्टीममध्ये आहे, जागेवर नाही' म्हणेल. गोडाऊनमध्ये हरवलेला माल फारसा चोरीला गेलेला नसतो. तो चार फुटांवर असतो.

लेबलबद्दल थोडं. आपण वापरतो ती पांढरी लेबलं दोन जातीची. एक उष्णतेने काळी पडणारी, विनारिबिनची. उन्हात फिकी होते आणि गरम जागी पूर्ण काळवंडते. दुसरी रिबिनीने छापलेली, टिकाऊ. पाठवायच्या पाकिटाला पहिली चालते. रॅकच्या पत्त्याला दुसरीच हवी. पावसाळ्यात हवा दमट झाली की कडा सुटतात. सुटलेलं लेबल दिसलं तर पुढे जाऊ नका, सांगा.

चौथी पायरी: पिकिंग, जिथे तंगड्या दुखतात

ऑर्डरप्रमाणे माल गोळा करणं म्हणजे पिकिंग. सर्वांत जास्त माणसं याच कामाला लागतात, आणि त्यांचा सर्वांत जास्त वेळ उचलण्यात जात नाही, चालण्यात जातो. तंत्रज्ञानाने खरी बचत केलीय ती इथेच.

जुन्या पद्धतीत एक ऑर्डर, एक कागद, एक फेरी. दहा ऑर्डरी तर दहा फेऱ्या, त्यातल्या सहा त्याच गल्लीत. आता सिस्टीम वीस-तीस ऑर्डरी एकत्र करते, कोणत्या गल्लीत काय ते लावते आणि गनवर एकामागून एक पत्ता असा देते की तुम्ही एका टोकाने शिरून नागमोडी दुसऱ्या टोकाला बाहेर पडता. ट्रॉलीवर कप्पे असतात, प्रत्येक ऑर्डरीला एक. पत्ता स्कॅन, वस्तू स्कॅन, कप्पा स्कॅन. तिन्ही जुळले तर हिरवा, एखादा चुकला तर लाल आणि एक कर्कश आवाज. त्या आवाजाची लाज वाटून घेऊ नका. तो वाजला म्हणून चूक गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत गेली नाही.

गन सांगेल तोच क्रम धरा. 'मला जवळचा रस्ता माहीत आहे' म्हणून उलटं शिरलात की समोरून येणाऱ्या ट्रॉलीशी गाठ पडते, आणि दोघंही अडकतात.

काही ठिकाणी खणापुढे दिवे लावलेले असतात: जिथला माल हवा तिथला दिवा पेटतो, शेजारी आकडा येतो, घेतलात की बटण दाबायचं. हे शिकायला अर्धा तास पुरतो. मराठी-इंग्रजी वाचण्याची अडचण असलेल्यांना तर हे वरदान आहे.

नेटवर्क गेलं तर? उंच लोखंडी रॅकमध्ये, त्यातही पाण्याच्या बाटल्या किंवा तेलाचे डबे भरलेल्या गल्लीत, वायफाय अडतं. चक्र फिरत राहतं आणि पोरं वैतागून तोच स्कॅन चारदा मारतात. मग चारही एकदम लागतात. थांबा, गल्लीच्या तोंडाशी या, शेवटचा स्कॅन गेला का ते बघा, मग पुढे. रेडिओवर चालणाऱ्या आरएफआयडी टॅगचंही तेच. कपड्यांच्या गोडाऊनमध्ये तो भन्नाट चालतो, खोकं न उघडता आतले शर्ट मोजून देतो. पाणी आणि लोखंडाजवळ मात्र त्याची मती गुंग होते. फास्टॅग हा त्याचाच भाऊ, काचेवर चिकटवलेला.

पाचवी पायरी: पॅकिंग आणि वजन

यात फार सांगण्यासारखं नाही. स्क्रीन खोक्याचा आकार सुचवते, तो घ्या. कारण कुरियर नुसतं वजन बघत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात. ४० बाय ३० बाय २५ चं खोकं म्हणजे ६ किलो, आत दोन किलोचा माल असला तरी. मोठ्या खोक्यात हवा भरून पाठवली की तिचंही भाडं द्यावं लागतं.

काट्यावर ठेवल्यावर यंत्र अपेक्षित वजनाशी ताडून बघतं. फरक पडला तर खोकं बाजूला जातं. तेव्हा टेप लावलेलं खोकं उघडायचा कंटाळा करायचा नाही.

रोबोटची भीती आणि बाकीची यंत्रं

प्रत्येक बॅचमध्ये एक जण विचारतोच: रोबोट आले की आमचं काय? अॅमेझॉनने २०१२ मध्ये किव्हा नावाची कंपनी विकत घेतली, तेव्हापासून रॅकच माणसाकडे चालत येतात असं चित्र सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंय. आपल्या पुण्याची अनबॉक्स रोबोटिक्स पार्सलं वाटून देणारे छोटे रोबोट बनवते. ही यंत्रं खरी आहेत आणि येत राहणार. चालण्याचं आणि पार्सल वाटायचं काम कमी होईल, हेही खरं. उगाच धीर देत नाही. पण सपाट फरशी, ठरावीक आकाराची खोकी आणि चोख नोंदी नसतील तर रोबोट पहिल्याच तासात अडकून बसतो. राहनाळच्या ओबडधोबड फरशीच्या गाळ्यात अजून गन आणि हँड पॅलेट (पॅलेट हाताने ओढायची गाडी) यांचंच राज्य आहे. माझं मत विचाराल तर नव्या माणसाने रोबोटपेक्षा रीच ट्रककडे, म्हणजे उंच रॅकवरून पॅलेट काढणाऱ्या गाडीकडे, लक्ष द्यावं. अरुंद गल्लीत उभं राहून दहा मीटरवरून पॅलेट उतरवणारा चालक मिळत नाही म्हणून सगळीकडे रड असते. रीतसर प्रशिक्षण घेऊन तो झालात तर पगारात फरक पडतो.

तोवर या यंत्रांपासून जपा. पिवळ्या पट्ट्यांच्या आतूनच चाला. जमिनीवर निळा ठिपका सरकताना दिसला तर त्या ठिपक्यामागून फोर्कलिफ्ट (पुढे काटे असलेली, माल उचलणारी गाडी) येतेय, थांबा. उचललेल्या काट्यांखालून कधीही जायचं नाही, काटे रिकामे असले तरी. रॅकच्या खांबाला ठोकर बसून पोचा पडलेला दिसला तर लगेच सांगा. कुणी मारली ते नंतर बघू. साध्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, तिथे बिडी-सिगारेट तर लांबच, मोबाइलवर बोलत टेकूनसुद्धा उभं राहू नका.

सहावी पायरी: मोजणी

पूर्वी वर्षातून एकदा, मार्चअखेर, गोडाऊन दोन दिवस बंद ठेवून मोजायचे. आता रोज थोडं थोडं. गन म्हणते, अमुक खणात जा आणि मोज. सिस्टीममध्ये किती आहे ते मुद्दाम दाखवत नाही, कारण दाखवलं की डोळे तोच आकडा मोजतात. शेजारच्याला 'किती असतील रे' असं विचारून टाकू नका. तुमचा आकडा जुळला नाही तर दुसरा माणूस येऊन पुन्हा मोजतो, आणि तेव्हा कळतंच.

सातवी पायरी: डिस्पॅच

कटऑफ म्हणजे गाडी निघायची वेळ. सगळं गोडाऊन या घड्याळावर पळतं. गाडी भरताना शेवटी उतरायचा माल आधी, आत. प्रत्येक खोकं गाडीत जाताना स्कॅन, म्हणजे नाशिकचं पार्सल कोल्हापूरला जाणार नाही. पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर निघाला की ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत चालते. माणकोली नाक्यावरच्या कोंडीत गाडी तीन तास अडकली तर मुदत तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून रात्री उशिरा निघणाऱ्या लांबच्या गाडीची मुदत एकदा बघूनच सोडा.

आणि तुमच्या स्वतःच्या नोंदी

सिस्टीम तुमचे तासाचे पिक मोजते. पहिल्या आठवड्यात आकडा कमी येणारच. वेगासाठी स्कॅन गाळू नका, वेग पायांना पत्ते पाठ झाले की आपोआप येतो. पण जशी कंपनी तुमची नोंद ठेवते तशी तुम्हीही ठेवा. बहुतेक जण कंत्राटदाराकडून लागतात, तेव्हा पीएफचा यूएएन नंबर पहिल्या पगाराबरोबर मागून घ्या. पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जात असेल तर त्याचाही नंबर घ्या. मोबाइलवर पीएफची नोंद उघडून पैसे खरंच जमा होतायत का बघा. पगारपत्रकावर लिहिलेलं आणि खात्यात आलेलं यांचाही स्टॉक जुळवायचा असतो.

शिफ्ट संपली की अर्धवट ट्रॉली गल्लीत सोडून पळू नका. पुढच्या शिफ्टच्या माणसाच्या नावावर चढवून द्या. गन क्रेडलमध्ये बसवा, चार्जिंगचा दिवा लागला का बघा, लॉगआउट करा. मग बाहेर या. अंजूरफाट्याकडे जाणारी शेवटची शेअर रिक्षा कुणासाठी थांबत नाही.